पायाळू माणसं आता का सापडत नाहीत?

कृष्णाकाठची:
नमस्कार सगळ्यांना, प्रश्न जरा विचित्र वाटेल पण मनापासून विचारतेय, लांब झालंय तर सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात आजीकडे गेले होते, वाळवा तालुक्यात. आजी ८४ वर्षांची आहे, तिच्या कमरेत उसण भरलेली, उठता येईना बसता येईना. गोळी दिली, शेक दिला, पण ती एकच म्हणत होती, "कुणीतरी पायाळू बघा रे, पाय लावला की उतरंल." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचं डोकं नाही तर पाय आधी बाहेर आले असं माणूस. अशा माणसाने कमरेला पाय लावला की उसण जाते असं आमच्याकडे मानतात, पायाळूला जमिनीतलं पाणी कळतं म्हणतात, वीज कडाडायला लागली की त्याला घराबाहेर पडू देत नाहीत, असं बरंच काय काय. आजवर आजीच्या कमरेला थोरल्या मामाचाच पाय लागायचा कारण तो स्वतः पायाळू होता, पण तो पाच वर्षांपूर्वी गेला. मग धाकटा मामा सगळी वाडी फिरून आला आणि सापडले ते एकच, सत्तरीतले एक तात्या. चाळिशीच्या आतलं एकही माणूस नाही!

ही गोष्ट डोक्यातून जाईना कारण मी स्वतः ३३ आठवड्यांची गरोदर आहे आणि शेवटच्या सोनोग्राफीत माझं बाळ ब्रीच दिसतंय, म्हणजे पायाळूच की. डॉक्टर म्हणाल्या अजून वेळ आहे, फिरेल, नाही फिरलं तर ३७व्या आठवड्याच्या आसपास पोटावरून हाताने फिरवायचा प्रयत्न करू आणि तेही नाही जमलं तर सिझर. हे घरी सांगितलं आणि प्रत्येकाचं वेगळंच सुरू झालं. सासूबाई म्हणतात सिझरच होणार असेल तर चांगला मुहूर्त बघून करू, गुरुजींना विचारूनही ठेवलंय. आई म्हणते डॉक्टर सांगतील तसं. आणि आजी म्हणते, "पोट कशाला फाडायला पायजे, तुझा थोरला मामा घरातच झाला की पायाळू. माझी नऊ बाळंतपणं झाली, एकदा तरी दवाखान्याची पायरी चढले का?"

नऊ झाली हे खरं आहे, पण मी मोजते तेव्हा आई धरून मामा-मावश्या मिळून पाचच होतात. उरलेल्या चौघांबद्दल घरात कुणी कधी बोलत नाही. मीही कधी विचारलं नाही.

तर माझा प्रश्न असा की तुमच्या घरात आजी, आई आणि आताची पिढी यांच्या बाळंतपणात नक्की काय काय बदललं? डॉक्टर कुणी असतील तर सांगा, पूर्वी पायाळू मुलं घरात व्हायची तर आता लगेच सिझर का? आणि दवाखान्यामुळे जीव वाचले हे कळतंय हो, पण आजी सांगते त्या बाळंतपणाच्या खोलीत पाच-सहा बायका असायच्या, कुणी पाठ धरायचं, कुणी पाणी तापवायचं. मी गेले ते लेबर रूम बघायला तर तिथे दारावर पाटी, नातेवाईकांना प्रवेश नाही. मला कळांपेक्षा त्या दाराची भीती वाटतेय.


ठाण्याची_सई:
माझी आई पायाळू आहे!! वय ५८. सोसायटीत कुणाची कंबर धरली की आमच्या दाराची बेल वाजतेच, ती अगदी श्रद्धेने पाय लावते आणि वर सांगते उद्या डॉक्टरला दाखवून ये. तिच्यानंतरचं मात्र मलाही कुणी माहीत नाही. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.


सिस्टर_मावशी:
पोरी, आधी घाबरू नकोस. मी ३४ वर्षं एएनएम, म्हणजे खेड्यातली सरकारी नर्स म्हणून काढली, सगळी लातूर आणि धाराशिवकडच्या खेड्यांत, २०१८ला रिटायर झाले. ८४ साली उपकेंद्रात रुजू झाले तेव्हा माझ्या पाच गावांत क्वचितच कुणी बाळंतपणाला दवाखान्यात जायचं. बाळंतपण सुईणीचंच. आम्हाला काम होतं गरोदर बायकांची नावं लिहायची, धनुर्वाताची दोन इंजेक्शनं द्यायची, लोहाच्या गोळ्या वाटायच्या आणि सुईणींना शिकवायचं. त्यांना सरकारकडून पुडकं मिळायचं, साबण, नवं ब्लेड, दोरा, स्वच्छ कापड. पाच स्वच्छता पाठ करून घ्यायचो, हात, जागा, ब्लेड, दोरा, नाळ.

ते ब्लेड काय होतं हे आजच्या मुलींना कळायचं नाही. आधी नाळ कापायची विळ्याने, ज्या विळ्याने गवत कापलं त्याच विळ्याने, वर कुठे शेणाची राख तर कुठे हळद. मग पाचव्या-सहाव्या-सातव्या दिवशी चांगलं दूध पिणारं बाळ एकदम तोंड आवळून घ्यायचं, ओढायचंच नाही, आणि थोड्या वेळात धनुष्यासारखं ताठ. लोक म्हणायचे सटवाईने नेलं. आपल्याकडे पाचवी पुजतात ना, सटवाई त्या रात्री नशीब लिहायला येते म्हणून बाळाला एकटं ठेवत नाहीत, रात्रभर दिवा ठेवतात, मला नेहमी वाटतं की त्या रात्रीची एवढी धास्ती बायकांनी उगाच नाही घेतली, डोळ्यादेखत त्याच दिवसांत मुलं गेलेली असायची. त्या दोन इंजेक्शनांनी आणि स्वच्छ ब्लेडने हे थांबलं. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर केलं त्या दिवशी मी ड्युटीवर होते, पेपर वाचून रडले.

आता सुईणीबद्दल लिहिते कारण लोक एकतर तिला अडाणी म्हणतात नाहीतर देवी करतात. आमच्या गावची सुईण मातंग समाजातली, आम्ही सगळे तिला माय म्हणायचो. हाताला इतकी समज की पोटावर तळवा ठेवून सांगायची बाळ आडवं का सरळ, आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. कळा सुरू झाल्या की बाईच्या मागे बसायची, तिची पाठ आपल्या छातीवर घ्यायची आणि हळूहळू बोलत राहायची. आणि हीच माय, जिने घराघरातलं मूल पहिल्यांदा हातात घेतलं, ती एरवी त्याच घरात ओसरीच्या खाली बसायची. नाळ कापणं, वार (बाळामागून पडते ती) पुरणं विटाळाचं काम म्हणून ते तिच्या वाट्याला. बारा दिवस झाले की साडीचोळी, पायलीभर ज्वारी आणि परत ओसरीच्या खाली. हे मी रोज बघितलंय. पुढे उपकेंद्रातल्या एकाच टेबलावर पाटलीण आणि मायची नात एकामागे एक बाळंत झाल्या, तेव्हा गावात कुणी काही बोललं नाही, पण बघितलं सगळ्यांनी.

मायला जे जमायचं नाही ते म्हणजे रक्त. मूल झालं आणि वार पडली नाही तर बाईच्या तोंडात तिचीच वेणी कोंबायचे, ओकारी आली की जोर येऊन वार पडेल म्हणून. कधी पडायची, कधी नाही. रक्त सुरू झालं की दोन तासांत चांगली धडधाकट बाई जाते. आता बाळ बाहेर आलं की एका मिनिटाच्या आत मांडीत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, गर्भाशय आवळतं, बहुतेक वेळा प्रश्नच मिटतो. एवढीशी बाटली, फ्रीजमध्ये ठेवायची असते. ९१च्या पावसाळ्यात एका वस्तीवर गेले तर बाळाचा एक हात बाहेर आलेला आणि बाकी बाळ आडवं. नदीला पाणी. पहाटे चारला ट्रॅक्टर मिळाला, मग जीप, तालुक्याला पोचायला सकाळचे नऊ वाजले. बाई वाचली. तो हात रात्रभर निळा होत गेलेला मी बघत बसले होते, अजून दिसतो.

२००५ला सरकारची जननी सुरक्षा योजना आली, गावोगाव आशा कार्यकर्त्या आल्या, मग १०२ची रुग्णवाहिका, २०१४ला १०८ची. माझ्या रजिस्टरला घरी झालेल्या बाळंतपणांचा रकाना रिकामा पडत गेला. २०१९-२१च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसली, आणि २०१८ ते २० मध्ये एक लाख जन्मांमागे ३३ माता दगावल्या, सगळ्या देशाचा आकडा त्याच वेळचा ९७ होता. ३३ पण काही कमी नाहीत.

आता तुझ्या दाराबद्दल. तू बरोबर घाबरतेस. आम्ही बाईचा जीव वाचवायला तिला दवाखान्यात आणलं आणि तिची पाठ धरणारी बाई दाराबाहेर ठेवली. आत एका सिस्टरकडे चार-चार टेबलं, बाई ओरडली की आम्ही तिच्यावर ओरडायचो. मीपण ओरडलेय. "तेव्हा लाज नाही वाटली का" हे वाक्य माझ्या तोंडून गेलंय आणि त्याची मला आयुष्यभर लाज आहे. २०१६ मध्ये केंद्राने सरकारी दवाखान्यात बाईबरोबर एक सोबतीण राहू द्यावी असं सांगितलं, तर तुझ्या दवाखान्यात आत्ताच स्पष्ट विचार, लेबर रूममध्ये आई चालेल का. आधी विचारलं तर खूपदा मिळतं, कळा सुरू झाल्यावर भांडायची ताकद नसते.


रात्रपाळी_लेबररूम:
सिस्टर मावशींना नमस्कार, तुमच्यासारख्या सिस्टर्सनीच आम्हाला शिकवलं. मी तालुक्याच्या ठिकाणी गायनॅक आहे.

पायाळूचं सांगते. २८ आठवड्यांच्या आसपास जवळजवळ पाव बाळं ब्रीच असतात, पुढे बहुतेक आपसूक फिरतात, दिवस भरताना शंभरात ३-४ उरतात. अडचण काय आहे, तर बाळाच्या शरीरात सगळ्यात मोठं आणि कठीण असतं डोकं. डोकं आधी आलं तर ते वाट करून देतं आणि बाकी अंग मागोमाग येतं, ब्रीचमध्ये पाय-कुल्ले-पोट निघून येतं आणि डोकं सगळ्यात शेवटी, तोवर नाळ दाबली गेलेली असते. तिथे डोकं अडकलं तर हातात मिनिटं असतात. तुमच्या थोरल्या मामांसारखी खूप मुलं नीट झाली हे खरंच आहे, पण जी नीट झाली तीच पायाळू म्हणून गावात मोठी झाली, बाकीची मोजणार कोण.

२००० साली २६ देशांत मिळून एक मोठा अभ्यास झाला आणि ठरवून केलेल्या सिझरमध्ये ब्रीच बाळांना धोका कमी असं त्यात दिसलं, त्यानंतर जगभर ब्रीच नॉर्मल करणं झपाट्याने कमी झालं. नंतर त्या अभ्यासावर बरीच टीका झाली, निवडक बायकांमध्ये अनुभवी हात असेल तर नॉर्मल होऊ शकतं हेही मान्य आहे. पण तो अनुभवी हातच आता राहिला नाही. माझ्या सरांनी शेकडो ब्रीच नॉर्मल केल्या, मी शिकताना मोजून सात बघितल्या, माझ्या ज्युनियर मुली पुतळ्यावर शिकतात. तर कृष्णाकाठची, तुमची मामांची वाडी रिकामी निघाली त्याचं कारण आमच्या पिढीचे हातच आहेत, खरंच. बाहेरून फिरवणं मात्र नक्की करून बघा, सोनोग्राफीखाली आणि ऑपरेशन थिएटर जवळ असताना, साधारण निम्म्या वेळा यश येतं. पूर्वी सुईणी तेल लावून करायच्या तेच तत्त्व, फक्त आता बाळाचे ठोके बघत करतो आणि बिघडले तर लगेच थांबतो.

सिझरबद्दल लोकांचा राग असतो आणि तो अगदी खोटा नाही. एनएफएचएस म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, तिच्या २०१९-२१च्या फेरीत देशात सिझर २१.५ टक्के, महाराष्ट्रात २५.४. पण देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७.४ आणि सरकारीत १४.३, एवढा फरक बायकांच्या शरीरात नसतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते एकूण लोकसंख्येत १० टक्क्यांच्या वर सिझर गेलं तरी मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. आणि कारण फक्त पैसा म्हणाल तर तेवढंच नाहीये, बारा-चौदा तास एका बाईजवळ बसायला माणूस नाही, काही वाईट झालं तर दवाखाना फुटतो, घरचेच म्हणतात मॅडम रिस्क नको. मी रात्री तीन वाजता कळांची वाट बघत बसते तेव्हा बाहेरून दर अर्ध्या तासाला फोन येतो, "अजून झालं नाही का?"

आणि मुहूर्त. यावर मी पेशंटशी भांडते. ठरवलेलं सिझर ३९ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय उगाच करू नये, बाळाच्या फुप्फुसांना ते दिवस लागतात. ३७व्या आठवड्यातला शुभ मुहूर्त म्हणजे बाळाला काचेच्या पेटीत श्वास मोजत ठेवायची शक्यता वाढवणं. सासूबाईंना माझ्याकडून हात जोडून सांगा, मुहूर्त ३९च्या पुढचाच बघा म्हणावं, मग सकाळी साडेसात म्हणाल तर साडेसात. पुढच्या बाळंतपणात वार जुन्या टाक्यात रुतून बसायचा धोकाही सिझरगणिक वाढतो, तेही लक्षात असू द्या.


माजलगावकर:
मी पुरुष आहे, या धाग्यावर लिहावं की नको असा विचार करत होतो. बीड जिल्ह्यातला आहे. वरती सगळे सोनोग्राफीने बाळ ब्रीच आहे हे कळलं असं सहज लिहितायत, आमच्याकडे त्याच मशीनने काय केलं तेही इथे लिहायला हवं असं वाटतं.

२०११च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या १००० मुलांमागे ८०७ मुली होत्या. राज्याचा आकडा ८९४. आणि महाराष्ट्र हे गर्भलिंग तपासणीवर कायदा करणारं पहिलं राज्य, १९८८ला, देशाचा कायदा आला १९९४ला. कायदा आधी आमचा आणि मुली आमच्याच गेल्या.

माझ्या वहिनीला पहिल्या दोन मुली. तिसऱ्या वेळी तिला कुठे नेलं, कुणी नेलं हे मी तेव्हा अकरावीत होतो तरी मला कळत होतं. ती परत आली आणि चार दिवस स्वयंपाकघरात कोपऱ्यात पडून होती, आजी तिला बाळंतिणीसारखं गरम पाणी आणि ओवा देत होती पण बाळ नव्हतं. बाळंतविडा नाही, पाचवी नाही, काहीच नाही. घरात त्यावर एक अक्षर कुणी बोललं नाही, मीपण नाही. आज माझ्या वयाची गावातली वीस-पंचवीस पोरं बिनलग्नाची आहेत, आणि चावडीवर बसून लोक म्हणतात हल्लीच्या मुलींच्या अपेक्षा वाढल्या. अपेक्षा नाही वाढल्या, मुलीच जन्मू दिल्या नाहीत आपण, हे कुणीतरी तोंडाने म्हणायला पाहिजे म्हणून लिहिलं. माझ्या दोन्ही पुतण्या आता नर्सिंग करतात. वहिनी आता त्यांच्याशीच बोलते फक्त.


जुनी_पाटी:
माजलगावकर, लिहिलंत ते बरं केलंत.

एक जुनी गोष्ट जोडतो, मी शाळेत इतिहास शिकवायचो. बाळंतपणानेच आपल्याकडे बायकांना डॉक्टरकीचं दार उघडून दिलं. आनंदीबाई जोशी १४ वर्षांच्या असताना त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला, उपचार मिळाले असते तर वाचला असता हे त्यांच्या मनातून गेलं नाही. त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि प्रबंध लिहिला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. परत आल्या आणि बावीस वर्षांच्याही झाल्या नव्हत्या तोवर क्षयाने गेल्या. त्याच १८८६ साली मुंबईत बायकांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं कारण पुरुष डॉक्टरने तपासण्यापेक्षा बायका मरण पत्करायच्या. आणि त्याच्याही आधी १८६३ मध्ये फुले दांपत्याने पुण्यात आपल्या घरी विधवांसाठी सोय केली, या, गुपचूप बाळंत व्हा, मूल नेलं तर न्या नाहीतर इथे ठेवा. तिथे जन्मलेल्याच एका मुलाला त्यांनी दत्तक घेतलं, तो यशवंत, पुढे डॉक्टर झाला. बाई बाळंत कुठे होते आणि तिच्याजवळ कोण असतं यावर तिचं जगणंमरणं ठरायचं, त्यात औषधाइतकाच समाजही होता.


आइंडहोवनहून:
मी नेदरलँड्समध्ये असते, मूळची सातारची. दोन वर्षांपूर्वी इथे मुलगी झाली. वर सिस्टर मावशींनी पाठ धरणाऱ्या मायबद्दल लिहिलंय ते वाचून माझी मिडवाइफच डोळ्यासमोर आली.

इथे गरोदरपण सगळं सरळ असेल तर डॉक्टर दिसतच नाही, मिडवाइफच सगळं बघते, आणि आजही काही बायका घरीच बाळंत होतात, पण त्या मिडवाइफचं चार वर्षांचं शिक्षण असतं, बॅगेत ऑक्सिटोसिन असतं आणि हॉस्पिटल जवळ असतं. म्हणजे बघा, माय पण आहे आणि इंजेक्शन पण आहे. मी घाबरून हॉस्पिटल निवडलं, तिथेही मला टेबलावर आडवं पाडलं नाही, नवऱ्याच्या गळ्यात हात टाकून अर्धवट उभी होते शेवटपर्यंत. बाळ झाल्यावर साडेचार तासांत घरी पाठवलं! आई तिकडून व्हिडिओ कॉलवर ओरडत होती, असं कसं पाठवलं ओली बाळंतीण.

पण मग दुसऱ्या दिवशी सकाळी घरी नर्स आली. इथे त्याला क्रामझोर्ख म्हणतात, आठेक दिवस रोज काही तास घरी येते, विम्यातून. माझे टाके बघितले, बाळाला अंघोळ घातली, दूध कसं पाजायचं ते दाखवलं, चादरी धुतल्या, आलेल्या पाहुण्यांना हाकलून दिलं. आणि पहिल्या दिवशी रस्कवर लोणी लावून त्यावर साखरेतले रंगीत दाणे टाकून दिले, इथली रीत आहे म्हणे, बाळ बघायला येणाऱ्या प्रत्येकाला देतात. चावले तर आत बडीशेपेसारखीच अ‍ॅनिस! आजी शेपा-बडीशेप देते ना बाळंतिणीला दूध यावं म्हणून, अगदी तेच कारण सांगितलं तिने. मी तिथेच रडायला लागले, तिला कळेना काय झालं. माझा डिंकाचे लाडू भरलेला डबा पंधरा दिवसांनी आईबरोबर आला.

आपल्याकडे आई, मावशी, आजी हे सगळं फुकट करत होत्या म्हणून त्याला कुणी काम समजलंच नाही. आता पुण्या-मुंबईत पहिलं बाळंतपण माहेरी कुठे होतं, डॉक्टर आपल्या शहरात म्हणून आईच बॅग भरून मुलीकडे येते, महिन्याभराने जाते आणि मालिशवाल्या बाई पण गेल्या की मग पोरगी एकटी, रात्री अडीच वाजता मोबाइलवर शोधत बसते बाळ का रडतंय.


सिस्टर_मावशी:
आइंडहोवनच्या पोरी, हेच आपल्याकडेपण झालंय, फक्त लोकांना माहीत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, बाळ रडलं नाही तर श्वास कसा द्यायचा, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन कसं द्यायचं, आणि त्या ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले, १९९९ला हे छापून आलं आणि जगात पसरलं. आता आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते ते त्यातूनच आलंय, तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, असं. ती आली की चहा पाजा आणि बाळाचं वजन करून घ्या, दारातून सही करून परत पाठवू नका, तिला मिळतं किती तेही कधी विचारा.


कृष्णाकाठची:
पाच आठवड्यांनी अपडेट द्यायला आलेय. सगळ्यांचे उत्तर वाचून काढले, दोनदा-तीनदा.

गेल्या रविवारी आजीला फोन स्पीकरवर लावून सिस्टर मावशींचं लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. विळ्याचं आलं तेव्हा ती गप्प झाली. मग म्हणाली, "माझी दुसरी तशीच गेली, सातव्या दिवशी. गोरी होती." दोन आठव्या महिन्यातच झालेली, ती रडलीच नाहीत. आणि चौथं, थोरल्या मामाच्या पाठीवरचं, तेही पायाळूच होतं. पाय आले, अंग आलं आणि डोकं अडकलं. सुईणीने खूप केलं म्हणाली, तिचा काही दोष नव्हता. मुलगा होता. बारसं व्हायच्या आत गेलेल्यांना नाव नसतं ना, म्हणून चौघांचीही नावं नाहीत, घरात बोलायचं तरी काय म्हणून बोलायचं. माझ्या आईलाही हे तेव्हाच कळलं, ती इथे माझ्या शेजारी बसून ऐकत होती. शेवटी आजी म्हणाली, "कर तू सिझर. मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मीपण पोट फाडून घेतलं असतं."

बाळ काही फिरलं नाही. ३७व्या आठवड्यात डॉक्टरांनी पोटावरून प्रयत्न केला, दुखलं थोडं, ठोके जरा कमी झाले म्हणून लगेच थांबवलं. आता पुढच्या गुरुवारची तारीख मिळालीय, ३९ आठवडे पूर्ण होतात त्या दिवशी, सासूबाईंना रात्रपाळी ताईंचा मजकूर दाखवला, त्यांनी निमूटपणे गुरुजींना फोन करून सांगितलं आमचं आम्ही ठरवलं. आणि दाराचं पण विचारलं मी. आधी नाही म्हणाले. मी परत विचारलं. मग म्हणाले भूल देऊन झाली की एक जण डोक्याशी बसू शकतं. आई बसणार आहे.

आजीचा एक प्रश्न आहे पण, तो विचारल्याशिवाय तिने फोन ठेवला नाही. सिझरने झालेलं बाळ पायाळू धरायचं का?


रात्रपाळी_लेबररूम:
हो! सिझरमध्येही ब्रीच बाळाचे आधी कुल्ले नाहीतर पायच बाहेर काढतो आम्ही, डोकं शेवटीच येतं. पायाळूच आहे, आजींना सांगा.


सिस्टर_मावशी:
पाय लावताना बाळाच्या मानेला आधार दे, आणि आजींना पालथं झोपायला सांग. गुरुवारी रात्री इथे कळव, मी जागी आहे.